लांडगा आणि लढाई मिळून एक नाव

माझं नाव मी इथे लिहीत नाही. एकीचं सोडलं तर बाकी कुणाचं लिहिणार नाही, मग माझं तरी कशाला. अर्थ तेवढा सांगते: ही नको होती. आमच्या माणदेशात अशा नावाच्या बायका गावोगाव सापडतात. शाळेत माझ्याच वर्गात आम्ही दोघी होतो. गुरुजींनी हाक मारली की दोघी उभ्या राहायचो आणि पोरं हसायची.

माझ्या आधी दोघी बहिणी. तिसरी मी झाले तेव्हा सुईण बाहेर येऊन काही बोललीच नाही म्हणे, तिच्या तोंडावरूनच सगळ्यांना कळलं. बारशाला आत्यानं माझ्या कानात ते नाव सांगितलं. समजूत अशी की पोरीला असलं नाव ठेवलं की देवाला निरोप पोचतो आणि पुढच्या खेपेला तो मुलगा धाडतो. माझ्या पाठीवर भाऊ झाला. त्यामुळे माझ्या नावाला गुण आहे असं ठरून गेलं. मला घरात कुणी वाईट वागवलं नाही, हेही लिहायला हवं. भाऊ आणला म्हणून कौतुकच झालं. फक्त हाक मारताना रोज तेच.

घरी मेंढरं होती. वडील एकेका मेंढीला नाव ठेवत. कपाळावर पांढरा ठिपका असला तर चांदण्यावरून, चाल झुलती असली तर तिच्यावरून. दिवस कलला की एकेकीला हाक मारून जाळीच्या आत घेत. मी डालग्याखाली कोकरं झाकता झाकता ऐकत असायची. आमच्या मेंढ्यांची नावं माझ्यापेक्षा चांगली होती.

चौथी झाली आणि शाळा सुटली. मोठ्या बहिणींची लग्नं झाली होती, कोकरांमागे कुणीतरी हवं होतं. वाचायची सवय मात्र गेली नाही. किराण्याच्या पुडीचा कागदसुद्धा मी अजून उलगडून वाचते.

आमच्यात लग्नात नवरीचं नाव बदलतात. ताटात तांदूळ पसरायचे आणि नवऱ्यानं अंगठीनं त्यात नवं नाव काढायचं. मी त्या ताटाची वाट बघत मोठी झाले म्हटलं तरी चालेल. मनात दोन-तीन नावं धरून ठेवली होती, त्यातलं एखादं निघालं तर बरं, असं वाटायचं. लग्नाच्या दिवशी ताट आलं, तांदूळ पसरले, यांनी अंगठी हातात घेतली. तेवढ्यात माझी एक नणंद मधे आली. म्हणाली, हिचं नाव बदलू नका, पाठीवर भाऊ आणलाय हिनं, आमच्या घरात पण गुण येईल. यांनी तांदळात माझंच नाव काढलं. अक्षर चांगलं आलं, असं कुणीतरी म्हणालं.

त्या नणंदेचा मला राग करता आला नाही. सासू लवकर गेली होती, थोरल्या चौघी सासरी, यांना तिनंच वाढवलं होतं. आणि तिचं स्वतःचं नावही माझ्याच जातीचं. आता पुरे, अशा अर्थाचं. पाच बहिणींतली ती शेवटची, आणि तिच्या पाठीवर हे झाले. ‘माझ्या नावानं तू आलास’ असं ती यांना सगळ्यांसमोर सांगायची, आणि सांगताना तिची मान ताठ व्हायची. आम्ही तिला आक्का म्हणतो.

नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला हे ठाणे-बेलापूर रस्त्यावरच्या एका कंपनीत लागले आणि मी पहिल्या मुलीला घेऊन घणसोली गावात भाड्याच्या खोलीत आले. थोरलीचं नाव आक्कानंच ठेवलं होतं, देवीचं. पहिली बेटी धनाची म्हणून तिला चांगलं नाव मिळालं. खोली गावठाणात, घराला घर लागून. आमची घरमालकीण आगरी, वयानं मोठी, आवाजानं त्याहून मोठी. तिला मी मावशी म्हणायची. माझा स्वभाव काळजीचा. नवरा अर्धा तास उशिरा आला तरी मी दारात. मावशी म्हणायची, ‘बाय, आत जा, तो काय हरवनार हाय का, पोटाला भूक लागली की येल.’

यांच्या कंपनीत नवी मशिनं बसवायला स्वीडनहून एक साहेब आला होता. वाशीला त्याला बंगला दिला होता. बायको बरोबर होती आणि तिला घरकामाला बाई हवी होती. यांच्या सुपरवायझरनं विचारलं आणि मी हो म्हणाले. आदल्या दिवशी मात्र काळजीनं मला भाकरी गेली नाही. परदेशी बाई, तिच्याशी बोलू कशी, काही फुटलं तर काय.

काही फुटलं नाही. ती उंच, हाडापेरानं मोठी बाई होती, घरात अनवाणी चालायची. पुस्तकातून हिंदी शिकत होती. तिची हिंदी आणि माझी हिंदी, दोन्ही लंगड्या. त्यामुळे आमचं बरं जमलं, कुणी कुणाला हसायचं नाही.

पहिल्या दिवशी तिनं नाव विचारलं. मी सांगितलं. तिनं दोन-तीनदा म्हणून बघितलं, बरोबर आलं. मग विचारलं, अर्थ काय. आमच्याकडे कुणी नावाचा अर्थ विचारत नाही, नाव ऐकलं की अर्थ कळतोच. मी ऐकू न आल्यासारखं करून फडकं पिळलं. तिनं पुन्हा विचारलं नाही.

तिचं नाव उल्व्हिल्ड. ते आमच्या कुणाच्या तोंडात बसेना. बंगल्याचा वॉचमन तिला नुसतं हिल्डा मॅडम म्हणायचा. यांनी घरी दोनदा म्हणून बघितलं आणि पाणी प्यायले. मी मात्र हट्टानं शिकले. भांडी घासताना मनातल्या मनात घोकायची. उल्व, मग थोडं थांबायचं, मग हिल्ड. एक दिवस तिच्यासमोर नीट म्हटलं, तर तिनं हातातला कप खाली ठेवला आणि टाळी वाजवली.

तिच्या स्वयंपाकघरात तिच्या गावाकडचं कॅलेंडर टांगलेलं होतं. रोजच्या तारखेखाली बारीक अक्षरात काहीतरी छापलेलं. मला वाटलं, आपल्यासारखी तिथी असेल. मी विचारलं तर तिनं सांगितलं की ती माणसांची नावं आहेत. त्यांच्या देशात वर्षाचे दिवस नावांना वाटून दिलेत. ज्याच्या नावाचा दिवस असेल त्याला त्या दिवशी शुभेच्छा देतात, घरात केक करतात. मला ते फार आवडलं. मी विचारलं, तुमचा दिवस कोणता. ती हसली. माझं नाव यात नाही, म्हणाली. फार जुनं नाव आहे, आता कुणी ठेवत नाही.

मग मीच अर्थ विचारला. तिनं विचारलेलं मला आठवत होतं. पण मला राहवलं नाही.

उल्व म्हणजे काय ते तिला हिंदीत सांगता येईना. ती आतून एक चित्रांचं पुस्तक घेऊन आली आणि बोट ठेवलं. बर्फात उभा लांडगा. मी पायरीवरून पाय घसरावा तशी मागे सरकले. मेंढरांत वाढलेल्या माणसाला चित्रातला लांडगाही चित्र वाटत नाही. आमच्याकडे दिवेलागणीनंतर त्याचं नाव घेत नसत, ‘जनावर’ म्हणत. आणि ही बाई स्वतःवर बोट ठेवून सांगत होती की ते मी आहे.

‘और हिल्ड?’ मी विचारलं.

तिनं दोन मुठी एकमेकींवर आपटल्या. लढाई.

मला वाटलं, माझ्यासारखंच हिच्यावर कुणीतरी रागावून हे नाव ठेवलं असणार. तसं मी विचारलं. ती म्हणाली, नाही, आवडीनं ठेवलं. फार पूर्वी त्यांच्याकडे लोक दोन शब्द घेत आणि जोडून मुलाचं नाव करत. लांडगा, अस्वल, गरुड, तलवार असले शब्द. बहुतेक वेळा एक तुकडा घरातल्या एखाद्या म्हाताऱ्या माणसाच्या नावातून घेत, एक दुसऱ्याच्या, म्हणजे दोघांचं थोडं थोडं मुलात राहील. लांडगा वाईट म्हणून नव्हता ठेवत, बळाचा म्हणून ठेवत. आणि हिल्ड हा तुकडा तर पोरींच्याच नावाला लावत.

‘लढाई? लड़की को?’

‘लड़की को ही,’ ती म्हणाली.

तिच्या बाबतीत काय झालं, तेही तिनं सांगितलं. ती झाली तेव्हा दोन्ही आज्या हटून बसल्या, मुलीला माझं नाव द्या म्हणून. एकीच्या नावात पुढे लांडगा होता, दुसरीच्या नावात मागे लढाई होती. तिच्या आईनं दोघींचं अर्धं अर्धं घेतलं. निघालं ते शेकडो वर्षांपूर्वीच्या बायकांचं नाव निघालं, कुणाच्या ध्यानीमनी नव्हतं. ‘तर माझ्या नावाचा खरा अर्थ, दोन आज्यांचं भांडण,’ असं ती म्हणाली, आणि आम्ही दोघी भांडी तशीच ठेवून हसत बसलो.

शाळेत पोरं तिच्यामागे लांडग्यासारखं ओरडायची. मोठी झाल्यावर बदलायचं ठरवलं होतं, त्यांच्याकडे बदलता येतं. पण त्याच सुमाराला एक आजी वारली. म्हणाली, अर्धं नाव तिचं होतं, ते टाकवेना.

त्या दिवशी घरी येताना मी बसमध्ये विचार करत होते, की माझ्या नावात कुणाचं काय आहे. काही नव्हतं. जे पाहिजे होतं त्याची नुसती वाट होती.

पुढच्या वर्षी मला दुसऱ्यांदा दिवस गेले. तिला कळलं त्या दिवसापासून तिनं मला खाली बसून फरशी पुसू दिली नाही. काठीला बांधलेलं फडकं आणलं. जड सामान स्वतः उचलायची. माझ्या सासरमाहेरच्या कुणी मला कधी खुर्ची दिली नव्हती, तिनं दिली. मी संकोचानं उभीच राहायची, ती पुन्हा बसवायची. त्या बाईचं माझ्यावर किती आहे, ते मी कधी फेडू शकणार नाही आणि फेडायचंही नाही. काही गोष्टी अंगावर राहू द्याव्यात.

मला काळजी एकच होती. तिला तोंडावरून दिसली असावी. विचारलं, तेव्हा मी पहिल्यांदा माझ्या नावाचा अर्थ सांगितला. सांगितलं की आता मुलगी झाली तर आक्का असंच एखादं नाव ठेवेल, कारण आमच्यात तो मान आत्याचा. मला वाटलं, ती हळहळेल. तिनं तसं काही केलं नाही. विचारलं, आत्याशिवाय दुसरं कुणी ठेवू शकतं का.

मी म्हणाले, नाही.

‘मग आत्यालाच सांग.’

इतकं सोपं वाक्य. मला राग आला. तिला काय माहीत आमची आक्का. पण तेच वाक्य पुढचे सगळे महिने पीठ मळताना, पाण्याच्या रांगेत माझ्या डोक्यात होतं. शेवटी मी ठरवलं. भांडण करायचं नाही, रडायचं नाही, पण या पोटातल्या जिवाला ‘नको’ म्हणून कुणी हाक मारणार नाही.

मुलगी झाली. दवाखान्यातून येताना साहेबाची गाडी आली होती, गल्लीत शिरेना म्हणून मावशी रस्त्यापर्यंत आली आणि पोरीला पदराखाली घेऊन पुढे चालू लागली. बायका विचारत होत्या, काय झालं. मावशी सगळ्यांना एकच उत्तर देत होती, ‘पोरगी झाली, आनि आई बरी हाय. आजून काय पायजे?’ आंघोळीला मोठ्या पातेल्यात पाणी तीच तापवायची.

गावी किराणा दुकानात फोन होता. त्यावर यांनी निरोप ठेवला. बारशाला येते, असा आक्काचा उलटा निरोप आला. मी यांना म्हणाले, नावाचं तुम्ही आक्कांशी बोला. यांनी ‘आक्काचं आक्काला ठरवू दे’ म्हटलं आणि पायात असलेली चप्पल भिंतीपाशी शोधायला लागले. मला हसू आलं आणि रडूही. ज्या बहिणीनं वाढवलं तिच्यापुढे ते तोंड उघडणार नव्हते. मग मलाच उघडायला हवं होतं.

आक्का आली ती रात्रभर एसटीत बसून. डोक्यावर बाजरीच्या पिठाचा डबा, काखेत घोंगडी. घोंगडी पोरीसाठी होती, कोकरांच्या पहिल्या लोकरीची, मऊ. तिनं ती स्वतः सूत काढून विणून घेतली होती. पोरीला तिच्यात गुंडाळलं, कपाळाला भंडारा लावला आणि मांडीवर घेऊन बसली. तिच्या डाव्या मनगटावर एक जुना खोलगट वण आहे, पोरीची मूठ नेमकी त्याच्यावर येऊन बसली. ‘बापावर गेलीया,’ एवढं म्हणाली. इतकं प्रेमानं सगळं करणाऱ्या बाईला मला नाही म्हणायचं होतं.

बारशाच्या आदल्या दिवशी दुपारी ती मावशीच्या ओट्यावर सुपात हरभरे निवडत बसली होती, घुगऱ्यांसाठी. हे कामावर गेले होते. मावशी आत होती, पण तिचे कान बाहेर होते हे मला माहीत होतं. मी पोरीला घेऊन शेजारी बसले.

‘आक्का, नाव ठरवलंय का तुम्ही?’

‘त्यात ठरवायचं काय? माझंच ठिवायचं.’ तिनं एक खडा काढून टाकला. ‘गुणाचं हाय. माझ्या पाठीवर हा आला, हिच्या पाठीवर भाऊ यील.’

हे माझ्या डोक्यात आलंच नव्हतं. मला वाटलं होतं, तसलं एखादं नाव ठेवेल. तिचं स्वतःचंच ठेवेल असं नव्हतं वाटलं. आता नाही म्हणायचं म्हणजे सरळ तिलाच नाही म्हणायचं. जे काही पाठ करून ठेवलं होतं ते सगळं विसरले.

‘नको,’ मी म्हणाले.

सूप थांबलं.

‘काय नको?’

‘ते नाव नको, आक्का. “पुरे” नको, “नको” नको, त्यातलं कुठलंच नको.’

‘म्हंजी माझ्या नावाला गुण नव्हता म्हण की.’

‘गुण होता. पण तुमाला काय मिळालं त्यातनं? भाऊ सगळ्यांना मिळाला. हाक तुमाला मिळाली.’

ती पुन्हा हरभरे निवडू लागली. भांडली असती तर बरं झालं असतं. मी घाबरून बोलत सुटले, आणि तोंडात आलं ते त्या बाईचं नाव. बंगल्यातल्या बाईचं नाव कसं केलं, दोन आज्यांचं अर्धं अर्धं कसं घेतलं, त्यांच्यात पोरीला बळाचं नाव कसं देतात, सगळं सांगितलं. आक्का ऐकत होती. लांडग्यापाशी आले तशी तिनं मान वर केली.

‘लांडगा?’

‘हो.’

‘पोरीचं नाव?’

‘हो. लांडगा आणि लढाई.’

‘मेंढरात वाढलेली तू,’ ती म्हणाली, ‘आन लांडगिणीच्या घरात भांडी घासतीस व्हय?’ आणि ती हसली. आतून मावशीही हसली. मला धीर आला.

‘आक्का,’ मी म्हणाले, ‘तुमाला कधी वाटलं नाही, आपलं नाव दुसरं असावं?’

‘वाटून काय करू?’

‘तरी. कुठलं असावं वाटलं?’

हे तिला कुणी विचारलं नव्हतं, ते तिच्याकडे बघून कळत होतं. तिनं सूप मांडीवरून खाली ठेवलं. मग मनगटावरच्या त्या वणावर अंगठा फिरवत तिनं जे सांगितलं ते मी त्या घरात इतकी वर्षं असून ऐकलं नव्हतं. मी समजत होते, तो विळ्याचा वण आहे.

ती लहान असताना एका मेंढीनं आपलं कोकरू टाकलं होतं, जवळ घेईना. आक्कानं ते शेळीच्या दुधावर वाढवलं. कुठेही जाताना ते तिच्या मागे. एकदा भर दिवसा ओढ्याच्या काठी लांडगा आला. बाप लांब होता, कुत्री पुढे गेलेली. लांडग्यानं कोकराची मान धरली, आणि हिनं मागचे पाय धरले.

‘सोडलं नाही?’ मी विचारलं.

‘कुणी? त्येनं का मी?’

दोघांनीही सोडलं नाही म्हणे. तिनं दुसऱ्या हातानं त्याच्या तोंडावर दगड हाणला, त्यानं मनगट धरलं, पुन्हा दगड हाणला. शेवटी ते जनावर निघून गेलं. कोकरू जगलं. मान वाकडी राहिली, पण जगलं, मोठं झालं, त्याला पिल्लं झाली. त्याला तिनं स्वतःच्या मनानं नाव ठेवलं होतं. तिनं आयुष्यात स्वतः निवडून ठेवलेलं पहिलं नाव. ते तिनं मला सांगितलं, हळू, ओट्यावर दुसरं कुणी नसतानाही. जिंकण्यावरून होतं.

‘लई दिवस मला वाटायचं,’ ती म्हणाली, ‘ते नाव मी कोकराला घालवलं. माझ्यासाठी ठिवायला पायजे व्हतं.’

‘मग ते हिला ठेवा.’

‘कोकराचं नाव पोरीला?’

‘कोकराचं कुठं? ते तुमचं होतं.’

ती पोरीकडे बघत राहिली. पोरगी झोपली होती, तोंड उघडं.

‘आन पोरगा न्हाई झाला तर?’

‘तर तुमाला कुणी बोल लावणार नाही. सगळा बोल माझा.’

तिनं सूप उचललं आणि आत गेली. हो म्हणाली नाही, नाही म्हणाली नाही. मावशी बाहेर आली, माझ्या हातात पाण्याचा तांब्या दिला. ‘पी,’ म्हणाली, ‘लय बोललीस आज.’ मी सगळा तांब्या प्यायले.

बारशाला मावशीनं घरचा लाकडी पाळणा दिला, तिच्या पोरांचा. गल्लीतल्या बायका आल्या. बंगल्यातली बाईही आली, ओढणी उलटी घेतलेली. एका कोपऱ्यात बसली आणि कुणी हातावर ठेवतील ते खाऊ लागली. आक्कानं तिला डोक्यापासून पायापर्यंत बघून घेतलं.

पोरीला पाळण्यात घातलं. आता आत्यानं वाकून कानात कुर्र करायचं, नाव सांगायचं, आणि बायकांनी तिच्या पाठीत धपाटे घालायचे. आक्का वाकली. मी पाळण्याच्या दुसऱ्या बाजूला होते, मला तिचा नुसता पदर दिसत होता. ती बराच वेळ वाकलेली राहिली. नाव सांगायला एवढा वेळ लागत नाही. मावशीनं वर उचललेला हात तसाच धरून ठेवला होता. माझ्या मनात आलं, तिचंच नाव सांगत असेल तर मी काय करणार. सगळ्यांसमोर पाळणा थांबवणार का. आणि मला कळलं, की हो, थांबवणार. पाळण्याची दोरी मी हातात घेतली होती, ती कधी घेतली ते मलाही माहीत नाही.

आक्का सरळ झाली. कोकराचं नाव तिनं मोठ्यानं सांगितलं. मेंढरांना हाक मारतात तशा आवाजात, गल्लीच्या टोकापर्यंत जावं असं. धपाटे पडले. सगळ्यात जोरात मावशीचा. हे दारात उभे होते, त्यांनी डोळे पुसले आणि घुगऱ्यांचं पातेलं उचलून वाटायला निघाले. कुणी सांगितलं नव्हतं.

आक्कानं त्या दिवशी गोड खाल्लं नाही. दात दुखतोय म्हणाली. मी तिला पुन्हा विचारलं नाही. एवढं तिनं दिलं होतं, बाकीचं तिचं तिच्यापाशी राहिलं तर राहू दे.

नंतर मला मुलगा झाला नाही. दोन मुली, बस. बोल माझा, असं मी म्हणाले होते, ते आम्ही दोघींनी पाळलं. गावात कुणी काही म्हणालं तर ती म्हणते, पोरीच्या आईला विचारा. माझं नाव तेच आहे. मुली म्हणतात बदल. मी अजून ठरवलेलं नाही. बदलायचं तर कुणीतरी विचारपूर्वक दिलेलं हवं, आणि ते आक्काकडेच मागावं लागेल.

बारशानंतर आक्का गावी निघाली तेव्हा मी पोरीला घेऊन एसटीपर्यंत गेले. बस लागली होती. ती चढली, खिडकीत बसली, पोरीला त्या नावानं एकदा हाक मारली. मग म्हणाली, ‘त्या बाईचं नाव काय म्हणालीस?’

‘उल्व्हिल्ड.’

तिनं म्हणून बघितलं. पहिल्या तुकड्यावरच अडखळली. पुन्हा म्हणून बघितलं, मग हात झटकला.

‘ऱ्हाऊ दे. तिला एवढं सांग,’ ती खिडकीच्या गजावर हात ठेवून म्हणाली, आणि वण माझ्या डोळ्यांसमोर आला. ‘म्हणावं, हिकडंबी एक हाय.’

मी कामावर परत गेले त्या दिवशी निरोप दिला. हिंदीत तो काही केल्या नीट बसेना, तेव्हा मी माझं मनगट पुढे केलं आणि कुठून कुठपर्यंत दात लागले होते ते बोटानं दाखवलं.